इंजिनातली काजळी आणि ती काढणारे हात



कामगार संघटनेचा माणूस व्याख्यानाला उभा राहिला की तो संप, बोनस, करार किंवा नव्या कामगार संहिता यांविषयी बोलणार, असे श्रोते गृहीत धरतात. आणि बहुधा ते खरेही ठरते. आम्ही मात्र चालकांना विषय कळवला तो मोटारीच्या इंजिनात साचणाऱ्या काजळीचा. विषय क्षुल्लक वाटेल. परंतु या मंडपाबाहेर ज्या गाड्या उभ्या आहेत त्यांतल्या पुष्कळांच्या मालकांनी ‘इंजिन डीकार्बन करून घ्या’ हा सल्ला ऐकला असेल, आणि कित्येकांनी त्यापायी पैसेही मोजले असतील. ते पैसे कशाचे दिले, त्यातून इंजिनाचे काय झाले, आणि ती काजळी ज्याने काढली त्याच्या अंगात तिच्यातले काय काय गेले, हे तीन प्रश्न एकत्र विचारण्याचा प्रघात नाही. ते आज एकत्र विचारावेत असे आमच्या मनात आहे.

आमच्या पात्रतेविषयी दोन शब्द आधीच सांगून टाकतो. आम्ही इंजिनियर नाही. शाळा सातवीत सुटली आणि गॅरेजात हेल्पर म्हणून आम्ही पाने उचलून देऊ लागलो. पुढचे जे काही शिक्षण झाले ते सार्वजनिक वाचनालयात आणि रद्दीच्या दुकानात मिळालेल्या दुरुस्तीच्या पुस्तकांतून, एका हाती शब्दकोश धरून. त्यामुळे विद्वानांना आमच्या बोलण्यात पद्धतशीरपणा दिसणार नाही. इंजिन मात्र आम्ही आतून पाहिलेले आहे.

काजळी म्हणजे काय हे या सभेला शिकवावयास नको. ज्यांनी कंदिलाच्या काचा पुसल्या आहेत असे पुष्कळ लोक समोर बसले आहेत. वात वर केली की काच काळी होते, कारण तेलाला पुरेशी हवा मिळत नाही. पेट्रोल काय, डिझेल काय, रॉकेल काय, ही सारी कार्बन आणि हायड्रोजन यांची संयुगे. पुरते जळले तर कार्बनचा वायू होतो आणि हायड्रोजनचे पाणी. पुरते जळले नाही, की उरलेला कार्बन काळा होऊन जेथे जागा मिळेल तेथे बसतो. इंजिनात तर तो नुसता बसत नाही. तेलाशी आणि धुळीशी मिसळून, उष्णतेने भाजून तो दगडासारखा घट्ट होतो.

जुन्या गाड्यांत तो बसे पिस्टनच्या माथ्यावर आणि हेडच्या आतल्या अंगाला. थर वाढला की दोन गोष्टी होत. मिश्रण दाबले जाण्याची जागा कमी होऊन दाब वाढे, आणि थराचा एखादा कण निखाऱ्यासारखा लाल राहून प्लगची ठिणगी पडण्याआधीच पेट्रोल पेटवून देई. मग इंजिनातून धातूवर हातोडी मारल्यासारखा आवाज येई. मेकॅनिक लोक त्याला ठोका म्हणतात. उपाय सर्वांना ठाऊक होता. हेड उतरवायचे, बोथट पट्टीने काजळी खरवडायची, वाल काढून त्यांना पेस्ट लावून हाताने घासून बसवायचे, नवे गॅस्केट घालून हेड चढवायचे. मुंबईच्या फियाट टॅक्सीचे हे काम आमच्या उस्तादांनी किती वेळा केले असेल याची गणती नाही. दिवस जाई, हात कोपरापर्यंत काळे होत, पण झालेले काम डोळ्यांना दिसे. मालक उघड्या हेडपाशी उभा राहून चहा पीत असे आणि आपण पैसे कशाचे देतो आहोत हे त्याला स्वच्छ समजत असे.

ठोक्यावर आणखी एक उपाय जगाने करून पाहिला. तो सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही, कारण आमच्या चळवळीच्या दृष्टीने तो फार शिकवणारा आहे. १९२१ च्या डिसेंबरात अमेरिकेत टॉमस मिजली या संशोधकाला असे आढळले की टेट्राएथिल लेड नावाचे शिशाचे संयुग पेट्रोलमध्ये किंचित मिसळले की ठोका बंद होतो. मालकांची सोय झाली, कारखान्यांची भरभराट झाली. पण १९२४ च्या ऑक्टोबरात न्यू जर्सी राज्यातील बेवे येथे हे द्रव्य बनवणारे पाच कामगार भ्रम होऊन तडफडत मेले आणि कित्येकांना रुग्णालयात न्यावे लागले. त्याच महिन्याच्या अखेरीस मिजलीसाहेबांनी पत्रकारांना बोलावून ते द्रव्य स्वतःच्या हातावर ओतून घेतले आणि बाटली हुंगून दाखवली. आदल्या वर्षी त्यांना स्वतःलाच शिशाची बाधा होऊन सुटी घ्यावी लागली होती, हे त्यांनी त्या प्रसंगी सांगितल्याचे कोठे वाचनात नाही. पुढे जवळजवळ शतकभर ते शिसे रस्त्यारस्त्यांवर धुरातून पडत राहिले. आपल्या देशात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झाले. जगात अगदी शेवटी, २०२१ साली, अल्जीरियात. इंजिनाचे दुखणे बरे झाले, पण ते बरे करताना दुसऱ्या कोणाला दुखणे लागले का, हे विचारण्याची सवय आम्हाला या हकिगतीने लावली.

असो. शिसे गेले, कार्ब्युरेटर गेला, त्याच्या जागी पेट्रोलची बारीक फवारणी करणारे इंजेक्टर आले आणि त्यांना हुकूम सोडणारा संगणक आला. हे इंजेक्टर हवेच्या वाटेत, आत येणाऱ्या वालच्या अगदी मागे बसवलेले असत. पेट्रोलमध्ये साबणासारखी स्वच्छ करणारी द्रव्येही घालू लागले. अमेरिकेत तर १९९५ पासून ती सक्तीची झाली. प्रत्येक फवाऱ्याबरोबर वालची पाठ धुतली जाई. याचा परिणाम असा झाला की काजळी काढण्यासाठी हेड उतरवण्याची वेळच फारशी येईनाशी झाली. मेकॅनिकांची एक अख्खी पिढी अशी तयार झाली की जिने हे काम क्वचितच पाहिले.

आणि मग काजळी परत आली, पण दुसऱ्या दाराने.

१९९६ साली जपानच्या मित्सुबिशी कंपनीने पेट्रोल सरळ सिलिंडरच्या आत फवारणारे इंजिन सर्वसाधारण मोटारीत घालून विकावयास सुरुवात केली. ही कल्पना नवी नव्हती. दुसऱ्या महायुद्धात जर्मन विमानांच्या इंजिनांत ती होती, १९५४ च्या मर्सिडीजच्या एका शर्यती वळणाच्या गाडीत होती. पण संगणकामुळे ती आता सर्वांना परवडू लागली. सिलिंडरच्या आत पेट्रोलची वाफ होताना आतली हवा थंड होते, त्यामुळे मिश्रण अधिक दाबता येते. तेवढ्याच पेट्रोलात अधिक काम निघते आणि लहान इंजिनाला टर्बो जोडून मोठ्याची ताकद मिळते. आपल्याकडे ज्या गाड्यांच्या पाठीवर टीएसआय, जीडीआय, टीजीडीआय अशी अक्षरे असतात त्या या जातीच्या. पेट्रोल दीडशे-दोनशे वातावरणांच्या दाबाने, काही नव्या इंजिनांत साडेतीनशेपर्यंत, एका केसाएवढ्या छिद्रातून आत सुटते. यंत्र म्हणून ते सुंदर आहे यात शंका नाही.

परंतु पेट्रोल आता वालच्या पाठीवरून जात नाही. ती धुणार कोण? आणि तेथे नुसती कोरडी हवा येत असती तर प्रश्न नव्हता. येथे एक जुनी गोष्ट आड येते. पिस्टनच्या रिंगांमधून थोडा जळका वायू खाली तेलाच्या खोलीत झिरपतोच, इंजिन कितीही नवे असो. पूर्वी तो नळीने सरळ रस्त्यावर सोडून देत. लॉस एंजेलिस शहराचे धुराने डोळे चुरचुरू लागले, तेव्हा १९६१ पासून कॅलिफोर्नियातल्या नव्या गाड्यांत हा वायू परत हवेच्या वाटेने इंजिनात नेऊन जाळण्याची व्यवस्था झाली, आणि पुढे ती जगभर सर्व गाड्यांत आली. व्यवस्था योग्यच होती. पण त्या वायूबरोबर तेलाचे सूक्ष्म तुषार असतात. ते आत येणाऱ्या हवेबरोबर तापलेल्या वालच्या पाठीवर आपटतात, चिकटतात आणि भाजतात. शिवाय सिलिंडरातला थोडा जळका धूर उलटा येऊन त्यात भर घालतो. इंजिनाचे तीन हजार फेरे होत असले तर तो वाल सेकंदाला पंचवीस वेळा उघडतो, आणि प्रत्येक वेळी एक थेंबाचा अंशांश ठेवून जातो.

भगिनींना हे एका शब्दात समजेल. पुरणाची किंवा तळणाची कढई घ्या. आतून ती रोज घासली जाते. बाहेरच्या अंगाला तेलाचा ओघळ येतो, आच लागते, पुन्हा ओघळ, पुन्हा आच. वर्षभरात तेथे जो काळा कठीण थर धरतो, तो साबणाने जातो काय? तेच वालच्या पाठीवर घडते. फरक एवढाच की कढईचा आकार थराने बदलत नाही, आणि वालच्या पाठीचा बदलतो. हवेची वाट अरुंद होते, प्रत्येक सिलिंडरला हवा कमीअधिक जाते. सकाळी थंड इंजिन सुरू केले की ते थरथरते, मिसिंग मारते, पिकअप मिळत नाही, पेट्रोल जास्त लागते. हे सारे एका रात्रीत होत नाही, हजारो किलोमीटर जावे लागतात, आणि प्रत्येक इंजिनाची गतही सारखी नसते. काही इंजिनांत तेलाचे तुषार गाळून घेणारी योजना चांगली असते, तेथे फार कमी साचते.

कारखानदारांना हे कळले नव्हते असे नाही. टोयोटाने २००५ च्या सुमारास काही इंजिनांत दोन्ही जागी इंजेक्टर बसवले, एक सिलिंडरात आणि एक वालच्या मागे. फोर्डने आपल्या एका मोठ्या इंजिनात २०१७ च्या गाड्यांपासून तेच केले. म्हणजे रोगाचे मूळ कोठे आहे हे स्पष्ट आहे आणि औषधही माहीत आहे. ते महाग पडते म्हणून सगळीकडे दिले जात नाही. उरलेल्या गाड्यांचे काय, हा प्रश्न मग गल्लीतल्या गॅरेजकडे येतो, आणि गॅरेजमध्ये तो आमच्या सभासदाकडे.

आता बाजारात या काजळीवर जे विकले जाते त्याकडे वळू. पहिली म्हणजे पेट्रोलच्या टाकीत ओतावयाची बाटली. जुन्या पद्धतीच्या फवाऱ्याच्या गाडीला चांगल्या द्रव्याची बाटली उपयोगी पडते, याविषयी आमचे दुमत नाही. नव्या गाडीतही इंजेक्टरच्या तोंडावर जमलेला थर ती काढू शकते. पण वालच्या पाठीला पेट्रोलच शिवत नाही, तेथे पेट्रोलमधले औषध कसे पोहोचावे? रोग रेड्याला आणि औषध पखालीला, ही म्हण ज्याने केली त्याने मोटार पाहिली नव्हती, पण बाटली ओळखली असती.

दुसरे म्हणजे ते हायड्रोजनचे यंत्र. पाण्याचे विजेने पृथक्करण करून निघालेला हायड्रोजन-ऑक्सिजन वायू, इंजिन चालू ठेवून, हवेच्या नळीतून आत सोडतात. अर्ध्यापाऊण तासात काजळी नाहीशी, असे फलकावर लिहिलेले असते. जरा विचार करा. तो वायू पेटतो कोठे? सिलिंडरात. तो पेटतो त्या क्षणी आत येणारा वाल घट्ट मिटलेला असतो आणि त्याची पाठ ज्वाळेच्या पलीकडे असते. म्हणजे जेथे थर आहे तेथे ज्योत जातच नाही. आणि सिलिंडरात तर पेट्रोलची ज्वाळा रोजच आहे; भिंतीतल्या विजेवर चालणाऱ्या यंत्राने काढलेला थोडासा वायू त्या ज्वाळेला असे काय शिकवणार? पुष्कळ मालक सांगतात की नंतर गाडी हलकी वाटली. वाटली असेल. त्याच वेळी हवेचा फिल्टर झटकला जातो, प्लग पुसले जातात, क्वचित संगणकाची जुनी नोंदही पुसली जाते. त्याचे श्रेय यंत्राला जाते. आम्ही एवढेच म्हणतो की यंत्र लावण्याआधी आणि लावल्यानंतर हवेच्या वाटेतून बारीक कॅमेरा घालून वालच्या पाठीचे चित्र दाखवा. कॅमेरा आता स्वस्त झाला आहे. जो हे दाखवील त्याचे आम्ही ऐकून घेऊ.

तिसरा उपाय म्हणजे चालू इंजिनाच्या हवेच्या वाटेत मारावयाचा डब्यातला फवारा. हा निदान योग्य जागी तरी पोहोचतो. पातळ, ताज्या थरावर त्याचा काही उपयोग होतोही. भाजून दगड झालेल्या थरावर तो वरवरचा ओलावा आणतो, आणि खपली सुटलीच तर ती सिलिंडरातून टर्बोच्या पंख्याकडे जाण्याची भीती असते. या फवाऱ्याविषयी आम्हाला आणखी बोलावयाचे आहे.

चौथा उपाय अक्रोडाचा. हसू नका, खरेच अक्रोडाचा. हवेचे मॅनिफोल्ड उतरवायचे, ज्या सिलिंडरचे काम करावयाचे त्याचे वाल पुरते मिटतील असे इंजिन हाताने फिरवायचे, आणि त्या तोंडाशी एक नळी व शोषक यंत्र लावून अक्रोडाच्या टरफलांचा चुरा दाबाच्या हवेने आत मारायचा. टरफल काजळीला फोडण्याइतके कठीण असते आणि वालच्या पोलादाला किंवा हेडच्या अ‍ॅल्युमिनियमला चरा पाडण्याइतके कठीण नसते. चुरा आणि काजळी दोन्ही शोषून घ्यावयाची, उरले असेल ते कोपऱ्याकोपऱ्यातून हाताने काढावयाचे, मग पुढचा सिलिंडर. वाल मिटला आहे की नाही हे एकदा जरी नीट पाहिले नाही तरी चुरा सिलिंडरात जातो. म्हणून हे काम घाईचे नव्हे. चार सिलिंडरांना अर्धा दिवस सहज लागतो, अडचणीच्या इंजिनाला पूर्ण दिवस. काम झाल्यावर धातू स्वच्छ चमकताना दिसतो. आमच्या मते दाट थरावर भरवशाचा इलाज हा, नाहीतर हेड उतरवून हाताने घासणे. म्हणजे शंभर वर्षे फिरून आपण पुन्हा घासण्यापाशीच आलो. अक्रोडाचा गर कोणी खावयाचा आणि टरफल कोणाच्या वाट्याला, हे मात्र त्या शंभर वर्षांत फारसे बदललेले नाही.

काही ठिकाणी टरफलाऐवजी वाळू वापरण्याची कल्पना निघते, कारण वाळू फुकट मिळते. ती ताबडतोब हाणून पाडली पाहिजे. इंजिनाचे नुकसान होते ते निराळेच. वाळूची बारीक धूळ फुप्फुसात गेली की सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. ब्रिटनने ढाळीव लोखंड साफ करण्यासाठी वाळूचा मारा करण्यास १९४९ च्या नियमांनी बंदी घातली, ती याच कारणाने.

आता त्या डब्यातल्या फवाऱ्याकडे येतो. गॅरेजात एक डबा कशालाही वापरला जातो: ब्रेक साफ करायला, थ्रॉटल साफ करायला, वालची पाठ भिजवायला, आणि शेवटी हात धुवायला. त्यात काय असते? डब्यावर लिहिलेले असते, पण अक्षरे मुंगीच्या पायाएवढी आणि भाषा इंग्रजी. एका प्रकारात हेक्झेन असते. २००१ साली अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने कॅलिफोर्नियातल्या मोटार-मेकॅनिकांची हकिगत प्रसिद्ध केली. ऐन विशीतल्या एका मेकॅनिकचे हात आणि पाय बधिर होऊ लागले, मुंग्या येऊ लागल्या, हातापायांतली शक्ती जाऊ लागली. शोध घेता कारण निघाले रोज वापरातल्या फवाऱ्यातले हेक्झेन, आणि तसेच आणखी मेकॅनिकही सापडले. हेक्झेन मज्जातंतू खाते. बरोबर अ‍ॅसिटोन असेल तर अधिक खाते. यातली दुःखाची गोष्ट अशी की आधीच्या क्लोरीनयुक्त फवाऱ्यांना धोकादायक म्हणून बाजूला सारून त्यांच्या जागी हे आणले गेले होते. त्या जुन्या जातीतले मिथिलीन क्लोराइड काजळी विरघळवण्यात फार प्रभावी. पण श्वासावाटे शरीरात गेले की त्याचे कार्बन मोनॉक्साइड होते, म्हणजे बंद खोलीत शेगडी पेटवून झोपल्यासारखेच. क्लोरीनयुक्त फवारा मारून ओल्या भागावर लगेच वेल्डिंग केले तर फॉस्जीन वायू निघतो, जो पहिल्या महायुद्धात शत्रूवर सोडला गेला होता.

काजळीही निरुपद्रवी नाही. १७७५ साली लंडनच्या पर्सिव्हल पॉट या शस्त्रवैद्याने असे दाखवून दिले की धुराडी साफ करणाऱ्यांना होणारा एक विशिष्ट कर्करोग अंगाला लागलेल्या काजळीमुळे होतो. धंद्यामुळे होणाऱ्या कर्करोगाची ही पहिली नोंद. ती लहान मुले असत, कारण धुराड्यात मोठा माणूस मावत नसे. इंग्लंडात ही प्रथा खऱ्या अर्थाने बंद पडावयास १८७५ चा कायदा यावा लागला. कारण कळल्यापासून बरोबर शंभर वर्षे. आपल्या गॅरेजांत ‘छोटू’ नावाचा जो मुलगा असतो, ज्याचे खरे नाव गिऱ्हाइकाला कधी कळत नाही, त्याचा हातही लहान म्हणूनच आत जातो. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवणे आपल्याकडे २०१६ च्या दुरुस्तीने पूर्ण बंद आहे. तरी आपण पाहता, आम्हीही पाहतो.

आमच्या संघटनेने काय केले, असे कोणी विचारील. फार नाही. डब्यांवरची बारीक अक्षरे उतरवून, त्यांचा अर्थ लावून, मोठ्या मराठी अक्षरांत कागदावर लिहून गॅरेजच्या भिंतीवर चिकटवण्याचे काम आम्ही गेली काही वर्षे करीत आहोत. रसायनशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक आमचे कागद तपासून देतात. एका मोठ्या गॅरेजच्या व्यवस्थापकाने ते कागद दुसऱ्याच दिवशी फाडून टाकले, गिऱ्हाइके घाबरतात म्हणून. दुसऱ्या एका मालकाने, चार माणसांचे छोटे दुकान असलेल्याने, कागद वाचून त्याच आठवड्यात बाहेर हवा फेकणारा पंखा बसवला. कायद्याचा आधार म्हणाल तर तो छोट्या गॅरेजला फारसा पोहोचत नाही. १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात विजेवर चालणाऱ्या जागी दहा कामगार असले की तो लागू होई. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आलेल्या नव्या संहितेने तो आकडा सर्वसाधारणपणे वीसवर नेला. चार माणसांच्या दुकानात इन्स्पेक्टर यायचा कोठून? तेथे गिऱ्हाईक हाच इन्स्पेक्टर.

म्हणून आता गिऱ्हाइकांशी, म्हणजे आपल्याशी बोलतो. गाडी थरथरली की लगेच काजळीवर आळ घेऊ नका. जुना प्लग, खराब कॉइल, हवेची फाटलेली नळी यांनीही हेच होते आणि ते स्वस्तात निघते. कॅमेऱ्याने थर दिसल्यावाचून काढण्याचे पैसे देऊ नका; आणि तो खरोखर दिसला तर अर्ध्या तासाच्या किमतीत होणाऱ्या चमत्काराचा हट्ट धरू नका. तेल वेळेवर बदला आणि पुस्तकात लिहिलेल्या प्रतीचेच घाला. टर्बोच्या लहान इंजिनांत कमी वेगावर जोर दिला असता तेलाच्या थेंबांनी वा काजळीच्या कणांनी ठिणगीआधीच पेट घेण्याचा जो प्रकार होतो, त्यासाठी २०१८ नंतर तेलाची प्रतच बदलावी लागली. तेव्हा चार पैसे वाचवण्यासाठी कोणतेही तेल ओतणे येथे महागात पडते. गाडी केवळ भाजीपुरती दोन किलोमीटर नेऊन परत लावत असाल तर आठवड्यातून एकदा तरी ती चांगली तापेल इतकी लांब न्या. याने वालची पाठ स्वच्छ होणार नाही, पण तेलातला ओलावा व पेट्रोल उडून जाईल आणि तुषारांतला मळ कमी होईल.

बिलात ‘लेबर’ या शब्दापुढे जो आकडा असतो तो पाहून पुष्कळ लोक कपाळाला आठ्या घालतात. मोठ्या गॅरेजांत तो आकडा तासांवर लावलेला असतो. त्या तासाचा किती भाग तास भरणाऱ्याच्या हाती पडतो, हे त्याला एकदा बाजूला घेऊन विचारून पाहा. त्याला ठाऊक असेल. तो बिल रोज पाहतो. आणि काम चालू असताना आत डोकावा. पंखा आहे काय, हातात मोजे आहेत काय, तोंडाला वाफ गाळणारा मास्क आहे की नुसता रुमाल? रुमालाने धूळ थोडी अडते, वाफ मुळीच अडत नाही. मागच्या रांगांत आमचे काही सभासद बसले आहेत, त्यांनाही सांगतो: हात पेट्रोलने धुऊ नका. पेट्रोलमध्ये एक टक्क्याच्या आत का होईना बेंझीन असते आणि ते रक्ताचा कर्करोग करते. खोबरेल लावून चोळा, मग साबण लावा, ग्रीस सुटते.

अध्यक्षांनी वेळेची चिठ्ठी पुढे सरकवली आहे आणि डिझेल राहूनच गेले. थोडक्यात सांगतो. डिझेल इंजिनात नायट्रोजनचे विषारी वायू कमी व्हावेत म्हणून धुराचा काही भाग परत आत नेतात. तो धूर आणि तेलाचे तुषार मिळून मॅनिफोल्डमध्ये डांबरासारखा लगदा होतो. तो उतरवून, भिजवून, खरवडूनच काढावा लागतो. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाची जी डिझेल मोटार आली तिच्या धुराच्या वाटेत काजळी अडवणारी चाळणी असते. ती भरली की इंजिन स्वतःच तिला सुमारे सहाशे अंशांपर्यंत तापवून आतली काजळी जाळते. पण गाडी सारखी गर्दीतच रखडत असेल तर हे जाळणे पुरे होत नाही आणि दिवा लागतो. अशा वेळी काही मालक गॅरेजात येऊन सांगतात, ‘आतली जाळी काढून टाका, कटकट नको.’ गाडी मग खुशाल पळते आणि ती काजळी रस्त्यावर, चौकातल्या पोलिसाच्या आणि फेरीवाल्याच्या तोंडावर जाते. डिझेलचा धूर कर्करोग करतो असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१२ सालीच निश्चित केले आहे. असे काम आले तर नाकारावयाचे, असा ठराव आमच्या सभासदांनी केला आहे. तो सगळ्या गॅरेजांत पाळला जातो असे आम्ही म्हणणार नाही. नाकारल्यावर मालक ते काम दुसऱ्या गल्लीत नेतो, आणि दोन ठिकाणी तर नाकारणाऱ्याची नोकरी गेली. त्यांपैकी एकाला आम्ही परत घ्यावयास लावले आहे. दुसऱ्याची तक्रार कामगार आयुक्तांपुढे आहे, पुढली तारीख जूनमध्ये आहे.